सरडा मोकळा सोडण्याआधी पंख्याचं बघा

घरात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पिंजऱ्याशिवाय पाळायचा तर आधी कागदपत्रं, मग सरडा. आपल्या शिवारात बाभळीवर दिसणारा देशी शॅमेलिऑन १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. कितीही गोड दिसला तरी तो उचलून घरी आणणं गुन्हा आहे. पाळायचा तर परदेशी, येमेन-सौदीकडचा व्हेल्ड किंवा मादागास्करचा पँथर, या जातींचा. त्याचीही केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तेव्हा विकणाऱ्याकडून कागद हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका.

मोकळा ठेवायचा म्हणजे घरभर सोडायचा नव्हे. खिडकीपाशी एक झाड असं मांडायचं की खाली उतरायची त्याला गरजच पडू नये. ऊब, दिवा, पाणी, लपायला पानं, सगळं तिथेच. यातलं एक कमी पडलं की स्वारी निघाली पडद्यावर. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या हॉलमध्ये पडद्याचा रॉड आणि पंख्याची पाती यांत जेमतेम हातभर अंतर. मे महिन्यात आत्या आली, "काय उकडतंय रे" म्हणत तिने बटणाकडे हात नेला आणि मी ओरडलो. गडी रॉडवर एक पाय उचलून डुलत होता, एक डोळा पंख्याकडे, दुसरा आत्याकडे. त्या पंख्याची वायरच मग इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घेतली. बटणावर चिकटपट्टी लावून भागत नाही, पाहुण्यांचे हात सवयीने चालतात.

फांद्यांसाठी ऑक्टोबर छाटणीनंतर बांधावर पडलेल्या द्राक्षाच्या काड्यांचा मोह होईल. वाकड्या, गाठीगाठींच्या, त्याच्या चिमट्यासारख्या पायांना अगदी मापाच्या. पण बागेत किती फवारण्या होतात हे निफाड-दिंडोरीच्या माणसाला सांगायला नको. ओळखीच्या अंगणातली पेरूची फांदी घ्या, धुऊन उन्हात वाळवा, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या बांधा. जिवंत झाड जास्वंदीचं लावा, कारण व्हेल्ड पानंही खातो. म्हणूनच कण्हेर आसपास नको. नर्सरीतलं रोपही पानं धुऊन, माती बदलून काही आठवडे बाजूला ठेवा.

खिडकीतलं ऊन पुरेल असं सगळ्यांनाच वाटतं. काचेतून उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि ते नसले की कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब हवीच. शेजारी तापायला एक बल्ब: त्याच्याखालच्या फांदीवर तिशीच्या आसपास अंश, बाकी झाड थंड. बल्बला चिकटून बसता येईल अशी फांदी ठेवू नका, पाठ भाजते. दिवे बारा तास, रात्री पूर्ण अंधार. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली जातो, त्या रात्रींसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर (ठरलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद होईल असा) लावून ठेवा.

वाटीतलं पाणी बहुतेकदा त्याच्या लक्षातच येत नाही, तो पानावरचे थेंब चाटतो. मेडिकलमधून आणलेला सलाईनचा सेट बाटलीला जोडून वरच्या पानावर थेंब-थेंब सोडा, खाली घमेलं. विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय.

खायला विकतचे नाकतोडे-क्रिकेट, कॅल्शियमची पूड लावून. घरातलं झुरळ कधीच नको, त्याने कुठला झुरळं मारायचा खडू चाटलाय कोण जाणे. मच्छर अगरबत्तीही त्या खोलीतून बाद. खिडकीला जाळी लावा, कावळ्यासाठी आणि मांजरासाठी. मादी असेल तर नर नसतानाही अंडी घालते, म्हणून फूटभर खोल ओल्या वाळूची बादली झाडाच्या बुंध्याशी हवी, नाहीतर जागा शोधत ती घरभर हिंडते. सरडे बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा. गावात सगळे कुत्र्या-मांजरांचेच.

आणि दिवे बंद झाल्यावर तो झाडावर आहे ना, ते रोज बघायचं. टॉर्च पुरतो. झोपलेला शॅमेलिऑन फिकट पडतो, पानांत पांढुरका उठून दिसतो.