टेक्सासमध्ये जावयांच्या घराचा कर माफ करून घेतला, तो असा

मी सातारा जिल्ह्यात तलाठी होतो. वारसाची नोंद आपोआप होत नाही, अर्ज द्यावाच लागतो, हे लोकांना सांगता सांगता नोकरी संपली. सॅन अँटोनिओला लेकीकडे आल्यावर तेच पुन्हा घरातल्यांना सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

जावई इथे शिकायला आले होते. अमेरिकी लष्कराची तेव्हा ‘मावनी’ नावाची योजना होती, त्यात परदेशी तरुणांना त्यांच्या भाषेसाठी भरती करून घेत. ते हिंदीच्या जोरावर लागले. अफगाणिस्तानातून परतले ते कंबरेचं दुखणं, एका कानाचा बहिरेपणा आणि उडालेली झोप घेऊन.

२०२४ च्या डिसेंबरात जेवणाच्या टेबलावर घराच्या कराचं बिल पडलेलं दिसलं. साडेपाच हजार डॉलर. व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याचं पत्र खणात होतं, तारीख २०२२ ची. त्या पत्रावर सगळा कर माफ होतो, आणि दोन वर्षं हे पूर्ण कर भरत होते! व्हीए काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, काही कळवत नाही. दोन दप्तरं वेगळी, मधला दुवा आपणच.

जावई म्हणाले, “बाबा, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गमावलेले आहेत. मला नको.” मी म्हटलं, “तुम्ही घेतलं नाही म्हणून ते त्यांना मिळणार नाही. टेक्सासच्या कर कायद्याचं कलम ११.१३१ आहे, तुमच्यासारख्या अपंग माजी सैनिकांसाठीच लिहिलेलं.” आपल्या मुलांमध्ये हा संकोच फार असतो. घरच्यांनी पुढाकार घ्यावा.

आधी पत्रातला अपंगत्वाचा टक्का वाचायला शिका. जावयांना झोप आणि मनाच्या त्रासासाठी ५०, कंबरेसाठी ४०, कानासाठी १० टक्के. बेरीज शंभर, पण पत्रात ७०. व्हीए टक्के बेरजेने धरत नाही. १०० मधून ५० गेले, उरलेल्या ५० चे ४० टक्के म्हणजे २०, झाले ७०. उरलेल्या ३० चे १० टक्के म्हणजे ३. एकूण ७३, तो जवळच्या दहावर आणून ७०. हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात बसलं.

७० टक्क्यांवर पूर्ण माफी नाही. कलम ११.२२ खाली घराच्या मूल्यातून ठरावीक रक्कम वजा होते: १० ते २९ टक्क्यांना ५,००० डॉलर, ३० ते ४९ ला ७,५००, ५० ते ६९ ला १०,००० आणि ७० किंवा त्याहून जास्त असेल तर १२,०००. करातून नव्हे, मूल्यातून. दर दोन टक्के धरला तर १२,००० वर वर्षाला २४० डॉलर वाचतात. यासाठी फॉर्म ५०-१३५.

पण पत्रात आणखी एक ओळ होती: ‘इंडिव्हिज्युअल अनएम्प्लॉयेबिलिटी’. दुखापतीमुळे नियमित नोकरी करता येत नाही हे व्हीएने मान्य केलं, आणि टक्का ७० असला तरी मोबदला १०० टक्क्यांचा सुरू केला. टेक्सास या ओळीला १०० टक्क्यांच्या बरोबरीने धरतं. ज्यांचा एकच आजार किमान ६० टक्क्यांचा आहे, किंवा एकूण किमान ७० असून त्यात एक आजार किमान ४० चा आहे, आणि नोकरी टिकत नाही, त्यांनी व्हीएकडे फॉर्म २१-८९४० जरूर भरावा.

पूर्ण माफीसाठी फॉर्म ५०-११४. तो कर गोळा करणाऱ्या ऑफिसात नाही, तर काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे घरांचं मूल्य ठरवणाऱ्या ऑफिसकडे द्यायचा. फी नाही. नव्या घरमालकांना ‘आम्ही भरून देतो, इतके डॉलर पाठवा’ अशी सरकारी वाटणारी पत्रं येतात. लेकीलाही आलं होतं, मी फाडून टाकलं.

सोबत व्हीएचं ‘बेनिफिट समरी लेटर’ लागतं. ते व्हीएच्या संकेतस्थळावर लॉगिन करून उतरवता येतं. तिथे पत्रात काय काय हवं त्याच्या चौकटी असतात. टक्का आणि ‘केव्हापासून लागू’ या दोन्हींवर खूण करा, कारण माफी त्याच तारखेपासून मोजतात. दुसरा कागद म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. त्यावरचा पत्ता घराशी जुळलाच पाहिजे. जावयांच्या लायसन्सवर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता होता. तो आधी बदलला, त्यात दोन आठवडे गेले.

ते दोन आठवडे आम्हाला जड गेले. नेहमीची मुदत ३० एप्रिल, पण अपंग माजी सैनिकाला मागच्या वर्षांसाठीही अर्ज करता येतो, कर थकीत धरला जातो त्या तारखेपासून पाच वर्षांपर्यंत. ती तारीख म्हणजे पुढच्या वर्षीची १ फेब्रुवारी. २०१९ च्या बिलासाठी शेवटची तारीख १ फेब्रुवारी २०२५ येत होती. २७ जानेवारीला आम्ही काउंटरवर उभे राहिलो. ७० टक्के आधीपासूनचे होते, म्हणून २०१९ पासूनची १२,००० ची सूट आणि ऑक्टोबर २०२२ पासूनची पूर्ण माफी, दोन्ही मागितल्या. पोच शिक्क्यासह घेतली.

मंजुरी आल्यावर कर्ज देणाऱ्या बँकेला कळवा. कर हप्त्यातूनच कापला जात असेल तर त्यांना एस्क्रोचा, म्हणजे करासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचा हिशेब पुन्हा करायला लावा, नाहीतर कापणं चालूच राहतं. सोसायटीची, म्हणजे एचओएची वर्गणी मात्र माफ होत नाही.

आणखी एक, आपल्या पद्धतीचं. खरेदीखतावर वडिलांचं किंवा भावाचं नाव घालण्याची घाई करू नका. नवरा-बायकोची नावं चालतात. तिसरं नाव आलं की सैनिकाच्या हिश्शापुरतीच माफी. आणि न्यू जर्सीवाल्यांनी हे नियम तिकडे लावू नयेत. तिथे ‘कायमस्वरूपी आणि संपूर्ण’ अपंगत्व लागतं आणि अर्ज गावच्या टॅक्स असेसरकडे जातो.

शेवटचं मी लेकीला जावयांसमोरच सांगितलं. त्यांच्या पश्चात ही माफी तिला चालू राहते, ती त्याच घरात राहिली आणि पुन्हा लग्न केलं नाही तर. घर बदललं तर जुन्या घराला शेवटच्या वर्षी मिळालेल्या माफीची डॉलरमधली रक्कम नव्या घराला लावता येते. पण अर्ज तिलाच करावा लागेल. त्यासाठी डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला, व्हीएचं पत्र, लग्नाचा दाखला आणि ती शिक्क्याची पोच एका निळ्या फाइलीत लावली. फाइल देवघराखालच्या कप्प्यात आहे, हे दोघांनाही माहीत आहे.