उघड्यावरच्या फलाटासाठी मरीन प्लायवूड: टिकाऊपणा कसा जपावा

कोकणातल्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या, माणसांचा आणि सामानाचा भार पेलणाऱ्या फलाटासाठी प्लायवूड घेताना त्यावर आयएस 710 हे मरीन प्लायवूडचे भारतीय मानक छापलेले आहे, याची आधी खात्री करावी. या दर्जाच्या प्लायवूडचे थर जोडणारा डिंक 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकतो. मात्र डिंक टिकला म्हणून लाकूड कुजत नाही, असे मुळीच नाही. म्हणूनच परिरक्षक, म्हणजे लाकूड कुजण्यापासून वाचवणाऱ्या रसायनाची प्रक्रिया तितकीच महत्त्वाची असते.

खरा धोका कडांना असतो. करवत फिरली की आतले रेषे उघडे पडतात आणि तेथून पाणी थराथरात शिरते. काही पावसाळ्यांनंतर कडेवर काळसर पट्टा दिसतो, थर किंचित फुगतात आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज आत रुतते. त्यामुळे कापलेल्या प्रत्येक कडेला व पाडलेल्या प्रत्येक भोकाला, तुकडा बसवण्यापूर्वीच, परिरक्षकाचे दोन हात द्यावेत आणि ते वाळल्यावर इपॉक्सीने (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या राळेने) कड बंद करावी. हे काम सुताराच्या घाईवर सोडू नये, स्वतः उभे राहून करून घ्यावे.

वरच्या थराचे रेषे खालच्या दांड्यांना काटकोनात ठेवावेत, म्हणजे फळी भाराखाली कमी वाकते. पाणी निथळण्यासाठी उतार द्यावा आणि दोन फळ्यांत फट सोडावी. तांबेयुक्त परिरक्षक साध्या लोखंडी स्क्रूंना लवकर गंजवते. समुद्राजवळ तर खाऱ्या हवेत गंजाला अधिक तोंड देणाऱ्या 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरावेत. प्रक्रिया केलेले उरलेले तुकडे चुलीत मात्र कधीही जाळू नयेत, कारण त्यांचा धूर विषारी असतो.