ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेला निघालात? मॅटबाहेरच्या या चुका टाळा

बाही मनगटाच्या दोन बोटं अलीकडेच संपत होती. परदेशातली ज्युनिअर स्पर्धा, सकाळची वेळ, ज्युदोगी, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाच्या तपासणीची रांग. माझी विद्यार्थिनी दोन्ही हात समोर ताठ करून उभी होती. तपासणाऱ्या बाईंनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि मान हलवली.

आम्ही निघालो तेव्हा मुंबईत जुलैचा पाऊस होता. चाळीच्या गॅलरीत चार दिवस टांगूनही गी वाळेना, म्हणून तिच्या आईने ती लॉन्ड्रीतल्या ड्रायरमधून काढून आणली. जाड सुती कापड ते, आटलं. निळी ठीक होती, पण त्या लढतीला तिचं नाव आधी पुकारलं गेलं, म्हणजे पांढरी घालणं आलं आणि पांढऱ्याची दुसरी जोडी आम्ही नेलीच नव्हती. आयोजकांकडची राखीव गी मिळाली, तीही खांद्यात ढगळ. नियमाप्रमाणे त्या लढतीपुरती माझी कोचची खुर्चीही गेली. पोरगी एकटी उतरली आणि हरली.

वीस वर्षं मुंबईत मुलांना ज्युदो शिकवतोय. मुलं मॅटवर हरतात ती सगळ्यात शेवटी. त्याआधी आपण मोठी माणसं त्यांना कपड्यात, वजनकाट्यावर, औषधात आणि कागदपत्रांत अडकवून ठेवतो. म्हणून हे लिहितोय.

गी घरीच मोजा

पांढऱ्या आणि निळ्या, दोन्हींच्या दोन-दोन जोड्या न्या. महाग पडतं, मला माहीत आहे. चार पालकांनी मिळून सारख्या मापाची एक जादा जोडी घेतली तरी चालतं. गीवर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेचं लेबल हवं. आपल्या राज्य स्पर्धेत चालणारी साधी गी तिथे चालत नाही. पाठीवरचा नाव आणि IND लिहिलेला पॅच ठरलेल्या ठिकाणाहूनच मागवावा लागतो, तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.

मापं अशी: हात समोर केल्यावर बाही मनगटापर्यंत पोचली पाहिजे. बाही आणि हात यांच्यात १० ते १५ सेंटीमीटर जागा हवी. विजार घोट्याच्या हाडापासून फार तर ५ सेंटीमीटर वर. गाठ मारल्यावर पट्ट्याची टोकं २० ते ३० सेंटीमीटर लोंबली पाहिजेत. ही मापं नवी गी दुकानातून आणल्या दिवशी घेऊ नका. तीन वेळा गार पाण्यात धुऊन, पंख्याखाली वाळवून मग घ्या आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा घ्या. पंधरा-सोळा वर्षांचं पोर आहे ते, एप्रिलमधली गी ऑक्टोबरात आखूड होते.

मुलींनी आत पांढरा साधा टी-शर्ट घालायचा. केसांच्या रबराला धातूची पट्टी नको. कानातले, चमकी, ताईत, सगळं घरीच काढून ठेवा. नुकतंच नाक टोचलेलं असेल तर स्पर्धेच्या सकाळी चमकी निघत नाही आणि मुलगी रडवेली होते, हे मी पाहिलंय.

काट्याशी खेळू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

घरचा काटा एक सांगतो, जिमचा दुसरा, स्टेशनवरचा तिसराच. स्पर्धेच्या ठिकाणी अधिकृत वजनाआधी सरावाचा काटा ठेवलेला असतो. तोच खरा माना. घरचा काटा तपासायचा असेल तर जिममधली २० किलोची लोखंडी प्लेट त्यावर ठेवून बघा.

वजन आदल्या दिवशी होतं आणि घरी परतताना सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, लढती सुरू होण्याआधी, चिठ्ठ्या टाकून काही खेळाडूंचं पुन्हा वजन घेतात. तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरलं तर स्पर्धाच संपली. ५७ किलो गटातल्या मुलीला ५९.८५ किलोपर्यंत मोकळीक आहे. आदल्या दिवशी तीन किलो घाम गाळून वजन बसवलं आणि रात्री पिझ्झा, कोल्ड्रिंक, आईस्क्रीम झालं, की सकाळी ही रेषा ओलांडलेली असते.

मुळात तीन किलो घाम गाळायची वेळच येऊ देऊ नका. जॅकेटवर जॅकेट चढवून दादर चौपाटीवर भर दुपारी पळणारी मुलं मी पाहिली आहेत. थुंकून थुंकून वजन उतरवणारीही पाहिली आहेत. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजातले तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपण त्यातून शिकायला काय हरकत आहे?

मणिपूरच्या लिंथोई चनांबमने २०२२ मध्ये सारायेव्होला जागतिक कॅडेट (१५ ते १७ वर्षं) स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण जिंकलं. कोणत्याही वयोगटाच्या जागतिक ज्युदो स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक. पुढे ती ५७ ला चिकटून बसली नाही, ६३ किलोत गेली आणि २०२५ च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत त्याच गटात कांस्य घेऊन आली. पोर वाढतंय तर गट वाढू द्या. "सर, अजून एक वर्ष ४८ मध्येच राहू दे, तिथे पदक नक्की आहे," असं मला दर हंगामात कुणीतरी सांगतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही.

सलाईन आणि खोकल्याचं औषध

वजन झाल्यावर एका मुलाचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरगं पार गळून गेलंय. एक बाटली सलाईन लावू या का? ओळखीचे डॉक्टर आहेत." प्रेमापोटीच विचारत होते. आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन हे अगदी घरगुती उत्तर आहे. पण उत्तेजकविरोधी नियमांत १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून देणं निषिद्ध आहे, मग आत साधं मीठ-पाणी का असेना. एक बाटलीच ५०० मिलिलिटरची असते. रुग्णालयातल्या खऱ्याखुऱ्या उपचाराला सूट आहे, थकवा घालवायला नाही. मुलगा खरंच आजारी असेल तर सरळ रुग्णालयात न्या आणि स्पर्धा सोडा. नुसता थकला असेल तर ओआरएस, मऊ भात, केळं आणि झोप.

खोकल्याच्या औषधांचंही तसंच. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटलिन असतं आणि ते बंदी असलेल्या यादीत आहे. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं, त्यावर स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे. पाणी उतरवणाऱ्या लघवीच्या गोळ्या तर कायमच्या बंद. "डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं" हे कारण पुरत नाही, वय सोळा असलं तरी. पावसाळ्यात सर्दी होणारच, तेव्हा केमिस्टकडे जाण्याआधी डॉक्टरांना सांगा की मूल खेळाडू आहे, बाटलीमागचे घटक वाचा आणि नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) औषध-तपासणीत नाव घालून बघा. दम्यासारखा कायमचा आजार असेल तर परवानगीचा अर्ज बराच आधी करावा लागतो.

कागदपत्रं

थोडक्यात सांगतो. कॅडेट म्हणजे १५ ते १७, ज्युनिअर म्हणजे १५ ते २०, आणि वय जन्मवर्षावरून धरतात. अठराखालच्या मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, त्याची तारीख आजच बघा. युरोपसाठीच्या शेंगेन व्हिसाला आई-वडील दोघांची संमती लागते आणि वडील जहाजावर किंवा आखातात असतील तर त्या एका सहीसाठी महिना जातो. पासपोर्टवरचं, आधारवरचं आणि नोंदणीतलं नाव अक्षर न् अक्षर सारखं असू द्या.

पंचाचा आवाज ऐका, पण थांबू नका

मॅटवरची एकच चूक सांगतो, कारण ती आपल्या मुलांत फार दिसते. फेक लागते, पंच "वाझा-आरी" (अर्धा गुण) पुकारतो आणि आपलं पोर हात सोडून कोचकडे बघतं. लढत थांबलेलीच नसते. तेवढ्यात खालचा उलटतो आणि पकडीत घेतो. आता युको हा सगळ्यात लहान गुण परत आल्यामुळे पाच सेकंद दाबून धरलं तरी तो मिळतो, दहाला वाझा-आरी, विसाला इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण आणि लढत खल्लास. "मत्ते" (थांबा) किंवा "सोरे-मादे" (लढत संपली) कानावर पडेपर्यंत हात सुटता कामा नये. सरावातच पंच होऊन मध्येच "वाझा-आरी" ओरडा आणि कोण थांबतं ते बघा. आमच्याकडे पहिल्या दिवशी निम्मी मुलं थांबली होती.

कोचनेही एक लक्षात ठेवायचं: लढत चालू असताना बोलायचं नाही, "मत्ते" झाल्यावरच. आपल्या सवयीने सतत ओरडत राहिलात तर तुम्हालाच खुर्चीवरून उठवतील.

हरल्यावर लगेच कपडे बदलू नका

बऱ्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्यांना रेपेशाज, म्हणजे कांस्यासाठी दुसरी संधी मिळते आणि कांस्यपदकं दोन असतात. म्हणजे तिथे हरूनही पुढच्या दोन लढती जिंकल्या तर पदक. एका मुलाला त्याच्या काकांनी हरल्याबरोबर समजूत घालायला बाहेर नेलं, बर्गर खाऊ घातला. परत आले तेव्हा त्याचं नाव पुकारून झालं होतं आणि समोरचा मुलगा न लढताच पुढे गेला होता.

तेव्हापासून ड्रॉचा कागद, म्हणजे कोण कुणाशी लढणार त्याचा तक्ता, मी छापून खिशात ठेवतो. मूल हरलं की पट्टा सैल करायला सांगतो, गी अंगावरच ठेवतो, अर्धं केळं देतो आणि कागदावरच्या पुढच्या चौकोनावर बोट ठेवून त्याला दाखवतो.