रेसच्या स्विफ्टचं पुढचं सस्पेन्शन घरी कसं बदलावं

गाडी खाली बसवणं आणि सस्पेन्शन सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे पहिलं काम करून दुसऱ्याचे पैसे घेणारे भरपूर आहेत. कोइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअबचा संच) लावा, चाक मडगार्डच्या आत शिरेपर्यंत गाडी खाली आणा, अलाइनमेंटवाल्याकडे टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य करून घ्या, झालं काम, असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिलाच असेल. तशी गाडी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्या आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर जोरात पाय द्या. स्टिअरिंग हातात वळवळायला लागतं. मग ड्रायव्हर टायरला दोष देतो, टायरवाला रस्त्याला.

हा लेख पहिल्या पिढीच्या, म्हणजे २००५ साली आलेल्या मारुती स्विफ्टबद्दल आहे. १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब एकाच उभ्या खांबात), आणि पार्ट तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. एस्टीम किंवा पोलो असेल तरी पुढे स्ट्रटच आहे, त्यामुळे इथलं बहुतेक सगळं लागू पडेल.

ही गाडी ट्रॅकवर ट्रेलरवरून न्यायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करून रस्त्यावर फिरू देत नाही. आणि पार्ट घेण्याआधी आपल्या क्लासचे एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे तांत्रिक नियम वाचा. सस्पेन्शनचे जोडबिंदू हलवायला परवानगी आहे का, हे खास बघा. पुढचं अर्धं काम त्यावर ठरणार आहे.

स्प्रिंग किती कडक घ्यायची यावर लोक तासन्‌तास भांडतात. हिशोब लहान आहे. आतलं सामान काढलेली स्विफ्ट ड्रायव्हर धरून हजार किलोच्या आसपास भरते. त्यातले साठ टक्के पुढे, म्हणजे पुढच्या एका चाकावर ३०० किलो. चाक, हब (ज्यावर चाक बोल्टने बसतं तो भाग), ब्रेक वजा केले की स्प्रिंगवर उरतात सुमारे २७० किलो. ३ किलो प्रति मिमीच्या स्प्रिंगवर हे वजन सेकंदाला दीड वेळा हेलकावतं, ५ किलोच्या स्प्रिंगवर साधारण दोन वेळा आणि ८ च्या स्प्रिंगवर अडीच वेळा. रोजच्या वापराची गाडी एक ते दीडच्या मध्ये असते. पुढे ५ लावा आणि विषय संपवा. ८ ची स्प्रिंग गुळगुळीत ट्रॅकवर ठीक, पण हौशी ड्रायव्हर कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेचा उंचवटा, कापतोच, आणि तिथे चाक जमिनीवर राहत नाही.

मूळ स्प्रिंगचे वेढे कापून घेऊ नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण शॉकअब तोच राहतो आणि त्याला ती आवरत नाही. शिवाय चाक हवेत लोंबलं की आखूड स्प्रिंग बैठकीत सैल पडते, आणि खाली येताना तिरकी बसू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणाऱ्याच्या गॅरेजात तर पाऊलच टाकू नका. तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं.

स्ट्रट काढणं सोपं आहे. ब्रेकचा पाइप आणि एबीएस असेल तर त्याची वायर सोडवा, अँटी-रोल बारची (गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक काढा, नकलचे (हब धरून ठेवणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट, वरचे नट, आणि स्ट्रट हातात. मात्र मूळ स्ट्रटचा मधला वरचा नट स्प्रिंग दोन्ही बाजूंनी स्प्रिंग कॉम्प्रेसरने (स्प्रिंग दाबून धरायच्या शिकंज्याने) दाबून सैल झाल्याशिवाय उघडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात नाहीतर जबडा जातो. कॉम्प्रेसर नसेल तर ते दोन स्ट्रट गॅरेजला नेऊन उघडून घ्या, त्यात कमीपणा नाही. कोइलओव्हरवर नवीन टॉप माउंट (स्ट्रट बॉडीला जिथे जोडतो ती वरची बैठक) आणि बेअरिंग टाका, जुनं चांगलं दिसलं तरी.

गाडी किती खाली आणायची

गाडीखाली झोपा आणि लोअर आर्म, म्हणजे नकलला खालून आत जोडणारा हात, बघा. आर्मच्या पत्र्याचा आकार फसवतो, तो सोडून द्या. आतल्या बुशचा मध्य आणि बाहेरच्या बॉल जॉइंटचा मध्य यांना जोडणारी रेषा मनात काढा. ड्रायव्हर बसलेला असताना ती रेषा आडवी, किंवा बाहेरचं टोक किंचित खाली, इथे थांबायचं. बॉल जॉइंट बुशच्या वर गेला की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, झपाट्याने खाली उतरतं, गाडीचा गुरुत्वमध्य जितका उतरला त्याहून कितीतरी जास्त. या दोघांमधलं अंतर वाढलं की गाडी वळणावर जास्त कलते. म्हणजे खाली आणलेली गाडी, कडक स्प्रिंग, आणि तरी जास्त रोल. शिवाय चाक वर दाबलं जाताना मिळणारा निगेटिव्ह कॅम्बरही (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) कमी होत जातो. दिसायला भारी, लॅपला हळू.

माझं मत: मूळ उंचीपेक्षा ३० मिमी खाली, फार तर ३५. त्याहून खाली जायचंच असेल तर लांब पिनचे बॉल जॉइंट बसवून आर्म पुन्हा आडवा करा, नियमात बसत असेल तर.

कॅम्बर निगेटिव्ह २.५ ते ३ अंश, दोन्ही बाजूंना सारखा. नकलच्या भोकात बसणारा बारीक एक्सेंट्रिक बोल्ट वापरू नका, कर्बवर आपटला की सरकतो. कॅम्बर प्लेट (टॉप माउंटच्या जागी बसणारी, स्ट्रटचं वरचं टोक आत-बाहेर सरकवायची प्लेट) घ्या. आणि हा कॅम्बर आत्ताच, पुढच्या कामाआधी पक्का करा. तो नकलपाशी बदलला तर टाय रॉडचं (स्टिअरिंगपासून नकलपर्यंत येणाऱ्या दांड्याचं) टोकही हलतं आणि पुढची सगळी मापं फुकट जातात.

बम्प स्टिअर

इथपर्यंतचं काम कुठलाही बरा मेकॅनिक करतो. पुढचं जवळजवळ कुणीच करत नाही, आणि मलाही हे बराच काळ धड जमत नव्हतं, कारण अलाइनमेंट मशीनवर सगळं हिरवं दिसायचं. मशीन गाडी उभी असतानाचा टो मोजतं. ब्रेक मारल्यावर नाक २०-३० मिमी खाली जातं तेव्हा टो किती असतो, हे ते सांगत नाही.

चाक वर-खाली होताना लोअर आर्मचं टोक एका वर्तुळखंडात फिरतं, टाय रॉडचं टोक दुसऱ्या. ही दोन वर्तुळं जुळली नाहीत तर टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो, आणि ड्रायव्हरने काहीही न करता चाक वळतं. हाच बम्प स्टिअर. कंपनीने ही जुळणी मूळ उंचीसाठी केलेली असते. तुम्ही उंची बदलली, वर लांब पिनचा बॉल जॉइंट टाकला, आणि टाय रॉड जिथे होता तिथेच ठेवला. म्हणजे बिघाड तुम्हीच आणला.

मोजणं घरी होतं. आधी जमीन. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा आणि चारही चाकांखालची पातळी जुळवा, लागेल तिथे फरशीचे तुकडे घाला. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाची तांदळाची पोती, टाकी अर्धी, टायरात रेसची हवा. आता हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून पत्र्यावर मार्करने लिहा. ही तुमची रेसची उंची. कागदावर लिहू नका, कागद हरवतो.

गाडी पुढून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. स्ट्रट काढून त्यातली स्प्रिंग आणि बम्प स्टॉप (चाक पार वर आपटू नये म्हणून असलेलं रबर) काढा, आणि रिकामा स्ट्रट परत बसवा. अँटी-रोल बारच्या दोन्ही लिंक मोकळ्या ठेवा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण फेरे मोजा, निम्मे मागे या आणि तिथे पक्कं बांधा. चावी काढून लागणाऱ्या कुलपावर भिस्त ठेवू नका, त्यात ढिलाई असते आणि तीच तुम्ही बम्प स्टिअर म्हणून मोजाल.

हबवर एक सरळ पाटी लावायची. १८ मिमीचं मरिन प्लाय चालतं, ॲल्युमिनियमची जाड पट्टी असेल तर उत्तम. स्विफ्टच्या हबला १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार बोल्ट आहेत, तशी चार भोकं पाडा आणि मधे हबच्या ओठासाठी मोठं भोक. पाटी हबवर सपाट बसली पाहिजे, हबवरचा गंज आधी घासा. शेजारच्या लेथवाल्याकडून दोन डायल गेज (बारीक सरक दाखवणारी काट्याची मापकं) आणा. पाटीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला, एकाच उंचीवर, एकमेकांपासून ५०० मिमी अंतरावर ते टेकवा. एकाच उंचीवर हे महत्त्वाचं, नाहीतर कॅम्बरमधला बदल टोमध्ये मिसळतो. या अंतरावर दोन गेजमध्ये १ मिमी फरक म्हणजे साधारण ०.११ अंश टो.

लोअर आर्मखाली जॅक लावून हब रेसच्या उंचीवर आणा, गेज शून्य करा. मग १० मिमी वर, वाचन लिहा. २०, ३०, ४०. परत शून्यावर या. गेज शून्यावर परतले नाहीत तर कुठेतरी ढिलाई आहे, बुश किंवा रॅकचा (टाय रॉड ज्याला जोडलेले असतात त्या स्टिअरिंगच्या आडव्या भागाचा) रबर, आणि ती काढल्याशिवाय पुढचे आकडे निरर्थक आहेत. मग खाली १०, २०, ३०. पुढच्या आणि मागच्या गेजचा फरक चौकटीच्या वहीत मांडा.

स्विफ्टची रॅक ॲक्सलच्या मागे आहे, तरी वाकून एकदा बघून घ्या, कारण दिशा त्यावर ठरते. मागे रॅक असलेल्या गाडीत चाक वर जाताना टो-आउट होत असेल तर टाय रॉडचं बाहेरचं टोक गरजेपेक्षा वर आहे. खाली आणलेल्या गाडीत बहुतेक वेळा हेच सापडतं. टो-इन होत असेल तर ते टोक गरजेपेक्षा खाली आहे. रॅक पुढे असलेल्या गाडीत हे नेमकं उलट. आलेख सरळ तिरकी रेघ असेल तर चूक उंचीची. वर जाताना आणि खाली जाताना दोन्हीकडे एकाच बाजूला वाकत असेल तर चूक टाय रॉडच्या लांबीची, आणि लोअर आर्मची लांबी बदलली नसेल तर सहसा तिच्या मागे लागायचं कारण नाही.

दुरुस्तीला दोन वाटा आहेत. रॅकच्या पकडींखाली पत्रे घालून रॅक वर उचलणं, किंवा टाय रॉडचं बाहेरचं टोक खाली आणणं. रॅक उचलणं स्वस्त आहे, पण स्टिअरिंग कॉलमच्या जॉइंटचा कोन बदलतो आणि जागा थोडीच मिळते. काही मिमीचं काम असेल तरच ते करा. बाकी सगळ्यांसाठी दुसरी वाट: मूळ टाय रॉड एंड काढून त्याजागी रॉड एंड, म्हणजे गोलाकार बेअरिंगचा जोड, आणि स्पेसर. नकलच्या हाताचं भोक निमुळतं असतं. ते ड्रिलने सरळ करू नका. त्या निमुळत्या भोकात नीट बसणारी पिन लेथवर ईएन २४ या मजबूत पोलादातून करून घ्या. शिरोली किंवा भोसरीच्या एमआयडीसीत भोकाचा नमुना दिला तर असं काम करणारे मिळतात. वेल्डिंग अजिबात नको. रॉड एंडच्या खाली, बेअरिंगच्या बाहेरच्या कडीपेक्षा मोठा वॉशर घाला. बेअरिंग फुटलं तरी टाय रॉड पिनेवरून निसटत नाही. हा वॉशर नसलेली गाडी मी स्वतः ट्रॅकवर नेणार नाही, कुणाची असो. स्पेसरची थप्पी २५ मिमीच्या वर जात असेल तर थांबा. लांब पिनेवर वाकवणारा जोर वाढत जातो, आणि एवढा स्पेसर लागतो याचा अर्थ गाडी गरजेपेक्षा खाली आहे.

३ मिमीचा स्पेसर घाला, पुन्हा मोजा. कंटाळवाणं आहे. दर वेळी टो थोडा हलतो म्हणून गेज पुन्हा शून्य करावे लागतात. रेसच्या उंचीपासून २५ मिमी वर आणि २५ मिमी खाली, एवढ्या पट्ट्यात फरक १ मिमीच्या आत आला की सोडून द्या. शून्य रेघेच्या मागे लागू नका, रबराच्या बुशवर ती टिकत नाही. आणि दुसरी बाजू वेगळी मोजा. डावीचे स्पेसर उजवीला तसेच घातले की काम झालं असं समजणाऱ्यांच्या गाड्या एका बाजूच्या कर्बवर नीट जातात आणि दुसऱ्या बाजूच्या कर्बवर उडी मारतात. जुन्या गाडीची सबफ्रेम कधीच दोन्हीकडे सारखी नसते.

शेवटची जुळवाजुळव

स्प्रिंग परत घाला, गाडी जमिनीवर उतरवा, पुढे-मागे ढकलून बसू द्या. टो दोरीने लावा: गाडीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी, गाडीच्या मध्यरेषेला समांतर, आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर. एकूण १ ते २ मिमी टो-आउट पुरतो.

लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना पूर्ण आवळू नका. रेसच्या उंचीवर, चाकांवर वजन असताना आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची चुकते, आणि बुश लवकर फाटतात. पॉलीयुरेथेनचे बुश टाकले असतील तर हे लागू नाही, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस हवं.

शॉकअबच्या दांड्यावर एक केबल टाय बांधून तळाला सरकवा. पहिल्या सेशननंतर तो कुठवर गेला ते बघितलं की चाकाने वर किती प्रवास केला ते कळतं. बम्प स्टॉपला चिकटून बसला असेल तर तुम्ही स्प्रिंगवर नाही, रबरावर चालवताय. उंची ५ मिमी वाढवा आणि टो पुन्हा तपासा. त्याच पिटमध्ये रॉड एंडचे चेक नट, नकलचे दोन बोल्ट आणि कॅम्बर प्लेटचे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघा आणि पिवळ्या पेंटची रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली तर दुसऱ्या सेशनला गाडी बाहेर काढायची नाही.