माथेरानच्या वाफेच्या इंजिनाची मोठी प्रतिकृती: काजळी, गेरू आणि वंगण

नेरळ–माथेरान ही दोन फुटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली आणि तिच्यासाठी ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कारखान्याने सहा चाकांची, पाण्याची टाकी अंगावरच असलेली चार इंजिने बांधली. एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे १:१९ या प्रमाणात त्यांची प्रतिकृती ३२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावते.

एवढ्या मोठ्या प्रतिकृतीला वापरलेपण देताना पहिला विचार अंतराचा करावा लागतो. डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरलेले हे इंजिन म्हणजे जवळजवळ पावणेसहा मीटरवर उभे असलेले खरे इंजिन. १:८७ च्या छोट्या प्रतिकृतीत तेच अंतर २६ मीटर होते. छोट्या इंजिनावर एअरब्रशने मळकट रंगाचा एक पातळ हात मारला तरी भागते, पण इथे प्रत्येक डाग कुठून आला आणि कुठे ओघळला हे दिसते, आणि ज्याला कारण नाही असा डाग लगेच खटकतो. म्हणून रंग उघडण्याआधी त्या इंजिनाचे जुने फोटो जमवावेत.

प्रतिकृती भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, वाळवून घ्यावी. मोटार आणि विजेच्या तारांपर्यंत पाणी जाऊ देऊ नये, आणि नंतर रंगीत भागाला उघड्या बोटांनी शिवू नये. मूळ रंग टर्पेंटाइनने विरघळतो का, हे तळाशी एका कोपऱ्यात तपासावे. विरघळत असेल तर वर ॲक्रिलिक व्हार्निशचा एक थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा.

बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि थोडा काळा तैलरंग भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून रिव्हेटच्या ओळींत व सांध्यांत सोडावा, दहा-पंधरा मिनिटांनी चपट्या, जेमतेम ओलसर ब्रशने वरून खाली ओढून पुसावा. धुराडे आणि त्याखालची धूरपेटी शुद्ध काळी ठेवू नयेत. गडद राखाडीत किंचित तपकिरी मिसळल्यावरच तापून विटलेले लोखंड दिसते. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली क्षार असलेल्या जड पाण्याचे पांढरट ओघळ येतात. ते मळकट पांढऱ्या तैलरंगाने केसासारखे बारीक काढावेत आणि दोन-तीनांवर थांबावे.

या इंजिनाचे खरे वैशिष्ट्य मात्र खाली आहे. चढ १:२० इतका तीव्र, म्हणजे उतरताना ब्रेक सतत लागणार. त्यामुळे ब्रेकच्या ठोकळ्यांभोवती, चाकांच्या आऱ्यांवर आणि सांगाड्याच्या आतल्या बाजूला लोखंडाची तपकिरी भुकटी बसते. त्यावर धूळ. नेरळकडे काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर जांभा, म्हणून सांगाड्यावर आधी करडा-तपकिरी थर हवा आणि त्यावर लाल. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, म्हणून चिखलाच्या शिंतोड्यांपेक्षा कोरडी धूळ दाखवणे जास्त खरे. या लालीसाठी परदेशी पावडर मागवण्याची गरज नाही. कुंड्यांना लावतात तो गेरू खलून, कापडातून गाळून घेतला की उत्तम काम होते. नुसता गेरू फार भडक दिसतो, म्हणून त्यात चिमूटभर करडे पेस्टल सँडपेपरवर घासून मिसळावे. मऊ ब्रशने पावडर बसवून कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब टेकवावा. तो आपोआप पसरतो आणि पावडर धरून ठेवतो. वरून मॅट व्हार्निश फवारले की निम्मी धूळ गिळली जाते, त्यामुळे एक फेरी नंतर पुन्हा करावी लागते.

गंज हा सर्वांत जास्त बिघडवला जाणारा भाग आहे. रोज चालणारे इंजिन तेलकट चिंधीने पुसले जाते, त्यावर नारिंगी पापुद्रे नसतात. राखपेटी आणि धूरपेटीची खालची कड एवढ्यावरच स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरी ठिपके द्यावेत. उलट केबिनच्या पायऱ्यांची कड आणि हाताने धरायच्या दांड्या चकाकत्या हव्यात, त्यासाठी पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळावे. या इंजिनांचा सांगाडा चाकांच्या बाहेर असल्याने क्रँक (चाके फिरवणारे लोखंडी हात) डोळ्यांसमोर फिरतात, म्हणून तिथले वंगण टाळता येत नाही: काळा आणि बर्न्ट अंबर चकचकीत व्हार्निशमध्ये घोळून ते सर्व मॅट थरांनंतर, अगदी शेवटी लावावे.

कोळसा खराच वापरावा, फोडून आणि चाळून; खऱ्या इंजिनावरचा १० सेंटिमीटरचा ढेकूळ इथे सुमारे ५ मिलिमीटरचा होतो. प्रतिकृती खरोखर वाफेवर चालणारी असेल, तर धूरपेटीवर फक्त उष्णता सोसणारा रंग द्यावा, टर्पेंटाइनचे थर पूर्ण वाळेपर्यंत ज्योत पेटवू नये, आणि तेल उडणाऱ्या जागी पावडर लावण्याचे कष्ट घेऊ नयेत, कारण इंजिन स्वतःच तो भाग चार-सहा फेऱ्यांत मळवते. विजेवर चालत असेल तर चाकांच्या धावा आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या अल्कोहोलने स्वच्छ पुसून मगच ते रुळांवर ठेवावे.