इंग्रजीत कर्ता-क्रियापदाचा मेळ: सराव नेमका कसा करावा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या हातात ‘सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंटचे 25 नियम’ अशी एखादी झेरॉक्स असतेच. ती पाठ करण्यात वेळ घालवू नका. नियम आठवेपर्यंत वाक्य लिहून झालेलं असतं. ‘कर्त्याला एस असेल तर क्रियापदाला नको’ हा तोडगा तर साफ विसरा. चिल्ड्रेन, पीपल यांना एस नाही, तरी ते बहुवचन. न्यूज, मॅथेमॅटिक्स यांना एस आहे, तरी ते एकवचन. आय आणि यू या तोडग्यात बसतच नाहीत.

उदाहरणं इथे देवनागरीत दिली आहेत. वहीत मात्र ती इंग्रजी लिपीतच, पेन्सिलने लिहा. पेन्सिल का, ते पुढे येईलच.

सराव फक्त साध्या वर्तमानकाळात करा. भूतकाळात वॉज-वेअर सोडले तर क्रियापद बदलतच नाही: ही वेंट, दे वेंट. विल, कॅन, मस्ट आले की तिथेही फरक दिसत नाही. अशी 100 वाक्यं लिहिली तरी हाताला वळण लागत नाही.

पाया एका ओळीचा आहे: ही, शी, इट किंवा त्यांच्या जागी येणारं एकच नाम असेल तर क्रियापदाला एस, बाकी कुणालाही नाही. डझ आलं की तो एस डझमध्ये गेला. ‘ही डझन्ट गोज’ चूक, ‘ही डझन्ट गो’ बरोबर. पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा इथे संबंधच नाही. कोल्हापुरात बाईमाणूसही ‘मी आलो’ म्हणतं, तेव्हा आपल्याला हे जड जायचं कारण नाही.

आता खरी अडचण. मराठी माणूस घसरतो तो मुख्य कर्ता ओळखताना, आणि त्याचं कारण मराठीच्या रचनेत आहे. ‘राधानगरी धरणाच्या सात दरवाजांची तपासणी झाली’ हे वाक्य बघा. मुख्य नाम ‘तपासणी’, आणि ते क्रियापदाला अगदी खेटून आहे. धरण, दरवाजे हा सगळा पसारा आधीच येऊन गेला. म्हणून क्रियापदाच्या शेजारच्या नामाकडे बघायची आपल्याला लहानपणापासून सवय. इंग्रजीत पसारा नंतर येतो: ‘द इन्स्पेक्शन ऑफ द सेव्हन गेट्स इज ओव्हर.’ क्रियापदाच्या शेजारी गेट्स बसलंय, आणि हात आपोआप ‘आर’ लिहून मोकळा होतो.

‘वाचून बघा, कानाला बरं वाटेल ते लिहा’ हा सल्ला इथेच फसतो, कारण ‘गेट्स आर’ कानाला छानच वाटतं. वाक्याचं मराठी करून कर्ता शोधणं त्याहून धोक्याचं. ‘मुलीने आंबे खाल्ले’ यात खाणारी मुलगी एक, पण क्रियापद चाललंय आंब्यांच्या मागे. इंग्रजी क्रियापद कर्माकडे कधीच बघत नाही.

त्यापेक्षा हे करा. आधी क्रियापदाला गोल करा, कर्ता नंतर. मग डावीकडे सरका आणि ऑफ, इन, विथ, नियर, फ्रॉम, अलाँग विथ, ॲज वेल ॲज यांपैकी जे काही कर्त्याच्या मागोमाग आलं असेल, तिथपासून क्रियापदापर्यंतचा तुकडा आडवी रेघ मारून खोडा. मनातल्या मनात नको, पेन्सिलने खोडा. डोळ्यासमोर गेट्स दिसत असेपर्यंत ते मेंदूला ओढत राहतं. उरलेल्या नामाच्या जागी इट, ही, शी किंवा दे घाला आणि मोठ्याने वाचा: ‘इट इज ओव्हर.’ आता कानावर विसंबायला हरकत नाही.

हे जमलं की वाक्य ताणायचा सराव घ्या. ‘द गेट इज ओपन’ पासून सुरुवात. मग ‘द गेट ऑफ द डॅम इज ओपन’. मग ‘द गेट ऑफ द डॅम नियर द व्हिलेजेस इज ओपन’. तुकडे कितीही जोडले तरी इज हलत नाही, हे हाताला कळू द्या. शेवटी फक्त पहिलं नाम बदला, गेटचं गेट्स करा, आणि खालपासून वरपर्यंत सगळी वाक्यं पुन्हा लिहा. रोज अशा पाच शिड्या पुरेत. ‘वन ऑफ द सेव्हन गेट्स इज ओपन’ आणि ‘टू ऑफ द सेव्हन गेट्स आर ओपन’ ही जोडी त्यात हवीच. ‘वन ऑफ’ नंतर आर लिहिणं ही नेहमी दिसणारी चूक आहे.

खोडण्याला एक अपवाद आहे, तो विसरलात तर घात होईल. सम, मोस्ट, ऑल, हाफ यांच्यापुढे ऑफ आलं तर खोडायचं नाही, उलट ऑफनंतरचंच नाम बघायचं. ‘मोस्ट ऑफ द जॅगरी इज सोल्ड’, पण ‘मोस्ट ऑफ द फार्मर्स आर हिअर’. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे बरेच, म्हणून आर. ‘द नंबर ऑफ’ म्हणजे आकडा, म्हणून इज.

दुसरा खड्डा आदराचा. ‘बाबा शेतात जातात’, ‘सर आले आहेत’ हे आपलं आदरार्थी बहुवचन. ते इंग्रजीत नेलं की ‘माय फादर गो’, ‘सर हॅव कम’ असं होतं. माणूस एक असेल तर क्रियापद एकवचनी, मग तो शिपाई असो की मुख्यमंत्री. मराठीत अहो-जाहो होणाऱ्या दहा माणसांवर रोज एकेक वाक्य लिहा: आजोबा, डॉक्टर, सरपंच, कंडक्टर. आठवडाभरात सवय मोडते.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे मराठीत बहुवचन पण इंग्रजीत एकवचन असलेले शब्द: पैसे (मनी इज), डोक्यावरचे केस (हेअर इज), तांदूळ (राइस इज), बातम्या (न्यूज इज). ‘सगळ्यांना माहीत आहे’ मधले सगळेही इथेच, कारण ‘एव्हरीवन नोज’. उजवीकडे उलटे: कात्री (सिझर्स आर), विजार (ट्राउझर्स आर). चपला मात्र नीट बघा: ‘कोल्हापुरी चप्पल्स आर’, पण ‘अ पेअर ऑफ कोल्हापुरी चप्पल्स इज’. पुढे सापडतील तसे शब्द भरत जा.

बाकीचं झटपट उरकतं. अँडने जोडलेले दोन म्हणजे दे. एकाच ताटातला एक पदार्थ असेल तर इट, म्हणून ‘मिसळ अँड ब्रेड इज रेडी’. आयदर-ऑर, नायदर-नॉर असेल तर क्रियापदाच्या जवळचं नाम बघा. देअर आलं तर कर्ता क्रियापदाच्या उजवीकडे. अंतर, वेळ, रक्कम हा एकच आकडा धरायचा: ‘ट्वेंटी किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’.

लिहिलेलं त्याच दिवशी तपासू नका. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वाक्यापासून सुरू करून पहिल्याकडे या. उलटं वाचलं की मजकुराचा ओघ तुटतो आणि लक्ष एकेका वाक्यावर राहतं. चुकलेल्या वाक्यापुढे चूक कुठल्या जातीची तेवढं लिहा: शेजारचं नाम, आदर, की मागच्या पानावरचा शब्द. ज्या जातीच्या खुणा जास्त, त्याच जातीची वाक्यं पुढच्या आठवड्यात दुप्पट लिहा.