‘शोगुन’ पाहताना बैठक वाचा

पहिल्या खेपेला मी ‘शोगुन’, इ. स. १६०० च्या जपानमधल्या सत्तेच्या खेळाची ही मालिका, दुसऱ्या भागातच सोडली होती. एकटीने, इंग्रजी डबिंग लावून पाहत होते आणि कोण कोणाचा माणूस हेच लागत नव्हतं. दुसऱ्या खेपेला आत्या सोबत होती. तिला मोतीबिंदूमुळे पडद्यावरची माणसं दिसतात, पण खालची अक्षरं लागत नाहीत. म्हणून मी सबटायटलं मराठीत करून मोठ्याने सांगायचे आणि ती नुसती चित्राकडे पाहायची. दहाच्या दहा भाग असे पाहिले. या मालिकेत कुठे लक्ष ठेवायचं, हे मला तिच्यामुळे कळलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात आवाजापासून करा. डबिंग बंद करून मूळ आवाज लावा. २०२४ सालच्या या मालिकेतले बहुतेक संवाद जपानी आहेत. जे इंग्रजी ऐकू येतं, ते कथेत बहुतेक वेळा पोर्तुगीज असतं. ब्लॅकथॉर्न हा इंग्रज सुकाणूधारी आणि त्याची दुभाषी होणारी मारिको एकमेकांशी बोलतात ते पोर्तुगीजमध्ये, आपल्याला फक्त ते इंग्रजीत ऐकवलं जातं. हे ध्यानात नसेल, तर ब्लॅकथॉर्नला दुभाषा का लागतो, मारिकोला ‘इंग्रजी’ कुठून येतं, असे प्रश्न विनाकारण पडत राहतात. सगळंच डब केलं की दोन भाषांमधली भिंतच पडते, आणि निम्मी कथा त्या भिंतीवर उभी आहे.

दुसरं, नावापुढचा प्रत्यय ऐका. सबटायटलात सगळ्यांना एकच ‘लॉर्ड’ आणि एकच ‘यू’. आत्याला सांगताना मात्र मला दर वाक्याला ठरवावं लागे: इथे ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’? उत्तर खाली लिहिलेलं नसतं, कानावर पडतं. ‘सामा’ म्हणजे मोठा मान. ‘दोनो’ साधारण बरोबरीच्या माणसाला, आदर राखून. नुसतं नाव घेतलं, तर समोरचा हाताखालचा आहे किंवा त्याचा मुद्दाम उपमर्द चाललाय. तीनेक भाग असं ऐकलंत की एखाद्याने ‘सामा’ गाळल्याबरोबर तुमचं लक्ष आपोआप जाईल. नावांत आडनाव आधी येतं हेही लक्षात असू द्या. तोदा हिरोमात्सु हे तोरानागाचे, म्हणजे कथेतल्या मुख्य सरदाराचे, जुने सेनापती, त्यांचा मुलगा बुंतारो, आणि तोदा मारिको ही त्याची बायको. ‘तोदा’ ऐकलं की घर कळलं.

आता इतिहास. मालिका १९७५ सालच्या कादंबरीवरून केलेली आहे आणि त्यात खऱ्या माणसांची नावं बदलली आहेत. योशी तोरानागा म्हणजे तोकुगावा इएयासु. त्याचा विरोधक इशिदो म्हणजे इशिदा मित्सुनारी. वारलेला सत्ताधीश ‘ताइको’ म्हणजे तोयोतोमी हिदेयोशी. त्याने १५९० पर्यंत सगळा जपान एका छत्राखाली आणला आणि १५९८ मध्ये तो वारला. मागे राहिला लहानगा वारस. तो मोठा होईपर्यंत पाच बड्या सरदारांनी मिळून कारभार पाहावा, अशी व्यवस्था हिदेयोशीने लावली होती. खऱ्या इतिहासात मित्सुनारी या पाचांत नव्हता, तो कारभाऱ्यांपैकी होता. मालिकेने त्याला मंडळात घेतलंय. ब्लॅकथॉर्नच्या मागे विल्यम ॲडम्स हा खरा माणूस आहे. हॉलंडहून निघालेल्या पाच जहाजांपैकी एकच, ‘लिफ्डे’, १६०० च्या एप्रिलमध्ये जपानला लागलं. ॲडम्स त्यावर होता.

पोर्तुगीज त्याआधीपासून तिथे होते. १५४३ मध्ये ते तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्यासोबत बंदूक आली. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर आले. मकाऊहून चिनी रेशीम घेऊन येणारं पोर्तुगीजांचं जहाज सरदारांना हवं असे, म्हणून पाद्र्यांनाही वजन होतं. जहाजावरच्या एका इंग्रजाने, म्हणजे पोर्तुगीजांच्या शत्रूने, एवढी खळबळ का माजते, याचं कारण हे आहे.

मारिकोबद्दल एक गोष्ट आधीच माहीत करून घ्या. मालिका ती हळूहळू उघड करते, पण जपानी प्रेक्षकाला ती पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. शामियान्यात अफझलखान मिठीसाठी हात पसरतो तेव्हा वाघनखं आपल्याला आधीच ठाऊक असतात, तसंच. मारिकोमागची खरी स्त्री म्हणजे होसोकावा ग्राशिया. तिचे वडील आकेची मित्सुहिदे. १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नो मंदिरात त्यांनी आपल्याच धन्यावर, ओदा नोबुनागावर, फौज घातली. नोबुनागाचा तिथेच अंत झाला, आणि काही दिवसांतच मित्सुहिदेही मारले गेले. मागे मुलगी राहिली, गद्दाराची मुलगी म्हणून. हे माहीत असलं की मारिको दरबारात शिरते तेव्हा बाकीच्यांचे चेहरे वेगळे दिसू लागतात.

इतिहास मात्र १६०० च्या सुरुवातीपर्यंतच वाचा आणि थांबा. जपानी प्रेक्षकाला पुढचंही ठाऊक असतं हे खरं. पण तोरानागाच्या मनात काय चाललंय हे न कळता त्याच्याकडे पाहत राहणं, हा अनुभव एकदाच मिळतो. मी तो आत्यासाठी जपून ठेवला.

आता बैठकीकडे वळते. मी खालची ओळ वाचत असताना आत्या मध्येच विचारायची, “तो उंचावर बसलाय तो कोण? आणि हा एवढा दाराशी का?” सुरुवातीला मी म्हणायचे, थांब, संवाद निसटतोय. मग लक्षात आलं की तिच्या प्रश्नांची उत्तरं दिली की संवाद अर्धाअधिक आपोआप उलगडतो.

जपानी दालनात दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची. कित्येकदा तिथली जमीनच एक पायरी उंच असते. दाराजवळची जागा सगळ्यात खालची. दृश्य सुरू झालं की ऐकण्याआधी तीन गोष्टी पाहा: उंचावर कोण आहे, त्याच्या सर्वांत जवळ कोण आहे, आणि दाराशी कोण आहे. मग तलवारी बघा. बसताना लांब तलवार उजव्या बाजूला ठेवली, तर ती चटकन उपसता येत नाही, म्हणून ती सलोख्याची खूण. डाव्या बाजूला असेल, तर हात सज्ज आहे. मग वाकणं पाहा: कपाळ चटईला टेकतं का, आणि आधी कोण सरळ होतं.

पहिल्या भागातलं ओसाकाच्या किल्ल्यातलं दृश्य घ्या. मंडळासमोर तोरानागावर आरोप होतात आणि तो शांत बसून राहतो. मागे बसलेल्या त्याच्या एका तरुण सरदाराला धन्याचा अपमान सहन होत नाही आणि तो बोलून जातो. लढाई होत नाही, रक्त सांडत नाही. ज्या जागेवरून बोलायचं नसतं तिथून तो बोलला, एवढंच. त्याची भरपाई म्हणून तो स्वतःचा जीव देऊ करतो, आणि सोबत आपल्या तान्ह्या मुलाचा, म्हणजे वंशच संपवायचा. मी पहिल्या खेपेला हे पाहिलं तेव्हा एवढी शिक्षा कशाची, हेच मला समजलं नव्हतं. सबटायटलात त्याचं कारण नाही. आत्याला ते बैठकीवरून कळलं. ती म्हणाली, “पोरगं धन्याच्या पुढे गेलं.” मी खालची ओळ वाचायची थांबले आणि दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं.

ताकद मोजायची असेल तर ‘कोकू’ समजून घ्या. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाचं साधारण वर्षभराचं धान्य. सरदाराची जमीन किती कोकू पिकवते, यावर त्याची फौज ठरे. खऱ्या इएयासुकडे सुमारे २५ लाख कोकूंचा मुलूख होता, मित्सुनारीकडे २ लाखांच्या आत. मग लहान मोठ्याला कसा अडवतो? ओसाकात वारस आहे, आणि सरदारांच्या बायकामुलांना किल्ल्याजवळ ठेवून घेतलं की कुणाचाही हात बांधता येतो. म्हणून एखादा सरदार कचरला की त्याची बायकोमुलं आत्ता कुठे आहेत, हे आधी आठवा. इएयासुने स्वतःच्या लहानपणाची बरीच वर्षं ओलीस म्हणून काढली होती. मालिकेतल्या पाच सरदारांच्या मंडळाचा एक नियमही वहीत लिहून ठेवा: पाच जण पुरे असल्याशिवाय निर्णय होत नाही. याचा पुढे उपयोग होईल.

भाषांतराच्या दृश्यांना खास वेळ द्या. तोरानागासमोर आधी पाद्री अल्विटो दुभाष्या असतो. तो पोर्तुगीजांच्या बाजूचा, आणि समोरचा इंग्रज त्यांचा शत्रू. पुढे मारिको येते. अशा दृश्यांत सबटायटल दोनदा वाचावं लागतं: मूळ माणूस काय म्हणाला आणि मारिकोने काय सांगितलं. ती कुठे धार कमी करते, कुठे मान वाढवते, कुठे एखादा शब्द गाळते, तिथेच ती स्वतः बोलत असते. हे मला लवकर दिसलं, कारण मीही आत्यासाठी तेच करत होते. एका क्रूर प्रसंगी मी एक वाक्य गाळलं. ती लगेच म्हणाली, “त्याचं तोंड अजून हलतंय. तू का थांबलीस?”

पहिले दोन भाग एका बैठकीत पाहा, म्हणजे माणसं ओळखीची होतात. नंतर रोज एकच. याबुशिगे हा सरदार पडद्यावर आला की खालचं वाचून झाल्यावर दोन क्षण त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहा. तो बोलतो एक आणि त्याचं चाललेलं असतं दुसरंच. दहावा भाग संपला की पहिल्या भागातली ती मंडळाची बैठक पुन्हा लावा, या वेळी आवाज बंद करून. इशिदोकडे पाहू नका. तोरानागाच्या मागे बसलेल्यांचे हात कुठे आहेत, ते पाहा.